भेसळीचं रोप

वर्गात सर्दीची साथ आली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कुणी आठवडाभर अंथरुणात पडून राहतं, कुणी चार शिंका देऊन पुन्हा मैदानावर पळतं, आणि एखादा पठ्ठ्या असा असतो की त्याला काहीच होत नाही. शाळेला दांडी मारायची संधी हुकली म्हणून तो बिचारा हिरमुसतो. शेतातही तसंच असतं. ज्वारीवर रोग पडला तर काही ताटं वाळतात, काही अर्धीमुर्धी तग धरतात आणि काही ताठ उभी राहतात. रोग एकच असला तरी तो सगळ्यांना सारखा लागत नाही.

मग रावेर तालुक्यातल्या पिंपळदर गावात केळीवर मर रोग (मातीतली बुरशी मुळांतून आत शिरून झाडाच्या पाण्याच्या नळ्या बुजवते तो आजार) आला, तेव्हा एकही झाड का वाचलं नाही?

पहिलं पिवळं पान कुसुमताई फिरके यांच्या मळ्यात दिसलं. त्यांना वाटलं, पाणी कमी पडलं असेल. त्यांनी पाणी वाढवलं आणि त्या पाण्याबरोबर बुरशी पुढच्या बांधापर्यंत गेली. मग त्याच्या पुढच्या. पानं पिवळी पडायची, देठाशी मोडायची आणि खोडाला बिलगून लोंबत राहायची. तापीकाठचं ते हिरवंगार शिवार पावसाळा संपायच्या आत वाळलेल्या पानांनी खडखडायला लागलं. लहान झाड गेलं, मोठं गेलं, घड लागलेलं गेलं, न लागलेलं गेलं. बघणाऱ्याला वाटावं, साऱ्या शिवारात मुळी एकच झाड आहे आणि ते मरतंय.

हे कोडं सोडवायचं असेल तर तुम्हाला ओजूच्या आबांना भेटावं लागेल. आबांचं नाव हर्षल भारंबे. आजोबांचं नाव हर्षल कसं, म्हणून हसू नका. ही गोष्ट पन्नासेक वर्षांनंतरची आहे आणि तेव्हा तुमच्या वर्गातली हर्षल, तेजस, गौरव ही सगळी मंडळी आजोबा होणार आहेत.

आबा वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांनी केळीची एक नवी जात शोधली आणि तिला नाव दिलं तापीसोना. घड मोठा, साल पातळ, चव अशी की एक खाल्लं की हात आपोआप दुसऱ्याकडे जायचा. घरामागे त्यांची रोपवाटिका होती. तिथे टिश्युकल्चरनं (झाडाच्या कोंबाच्या इवल्याशा तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवून) तापीसोनाची रोपं तयार व्हायची. पिंपळदरमधल्या प्रत्येक शेतातलं प्रत्येक झाड याच वाटिकेतून गेलेलं होतं. लोक आबांना वाटेत थांबवून नमस्कार करायचे. आता वाटेत आबा दिसले की लोक मोबाईलमध्ये डोकं घालायचे. कुणी वाईट बोललं नाही, पण न बोलणं जास्त लागतं.

आबांनी जेवण जवळजवळ सोडल्याचं कळलं तेव्हा ओजूच्या आईनं तिला भुसावळहून आबांकडे पाठवून दिलं. ओजू, म्हणजे ओजस्वी, सातवीत होती. तशीही तिची शाळा तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस वर्गात आणि बाकी घरून चालायची, आणि ते दोन दिवसही घरून करायची परवानगी आईनं मिळवली. तिला वाटलं होतं, आपण गेलो की आबा हसतील. आबा हसले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पुन्हा वाटिकेत जाऊन बसले.

वाटिकेत चिमट्या होता. चिमट्या म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा, चाकांवर फिरणारा यंत्रमानव. त्याचं काम एकच, भेसळ काढणं. बियाणं आणि रोपं करणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. हजारो सारख्या रोपांत एखादं वेगळं निघतं. कुणाचं पान अरुंद असतं, कुणावर पांढरे पट्टे असतात, कुणी बुटकंच राहतं. अशा रोपाला भेसळ म्हणायचं आणि दिसल्याबरोबर उपटून टाकायचं, म्हणजे शेतकऱ्याला एकसारखा माल मिळतो. चिमट्या ट्रेच्या रांगांमधून फिरायचा, वेगळं रोप दिसलं की आपला चिमटा पुढे करायचा आणि अगदी नम्र आवाजात म्हणायचा, "भेसळ." लहानपणी ओजू त्याच्याशी शर्यत लावायची, आधी कोणाला दिसतं याची. चिमट्या येण्याआधी कितीतरी वर्षं हे काम आबा स्वतःच्या हातानं करत. चिमट्या आल्यावरही त्यांचा हात काही स्वस्थ बसायचा नाही. कुणाशी बोलता बोलता ते एखादं रोप खुडायचे आणि बोलणं चालूच ठेवायचे.

ओजूनं त्यांना ते कोडं विचारलं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, जेवताना. सगळीच झाडं कशी मेली? एकही कसं वाचलं नाही?

आबांनी घास खाली ठेवला. मग त्यांनी तिलाच विचारलं, केळ्यात तू कधी बी पाहिलंस का? ओजूनं आठवून पाहिलं. नव्हतं पाहिलं.

"बी नाही, म्हणजे आई-बाप दोघं नाहीत," आबा म्हणाले. "तुझ्यात थोडी तुझी आई आहे, थोडे बाबा. म्हणून तू दोघांसारखी आहेस आणि दोघांपेक्षा वेगळीही. केळीचं तसं नाही. जुन्या झाडाच्या बुडाशी मुनवे, म्हणजे पिलं, फुटतात, त्यातला एक काढून लावायचा. किंवा माझ्यासारखं बाटलीत वाढवायचं. झालेलं झाड म्हणजे जुन्या झाडाची नक्कल. या गावात लाखो झाडं होती असं तुला वाटतं, पण खरं सांगायचं तर एकाच झाडाच्या लाखो नकला होत्या. बुरशीला एक झाड कसं मारायचं ते कळलं. मग सगळीच कळली."

म्हणजे कोडं सुटलं. पण कोडं सुटल्याचा आनंद होतो म्हणतात, तो काही ओजूला झाला नाही. कारण पुढचं वाक्य आबांनी उच्चारलं नाही तरी तिला ऐकू आलं. गावाला त्या नकला देणारे आबाच होते.

दुसऱ्या दिवशी मात्र आबा तिला बोलवायला आले. त्यांच्या मनात काहीतरी ठरलं होतं. त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि केळीच्या कोंबाचा पातळ काप दाखवला. विटांच्या भिंतीसारख्या दिसणाऱ्या त्या चौकोनी खोल्या म्हणजे पेशी. झाड असो की माणूस, प्रत्येक सजीव अशा पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीच्या पोटात डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो आणि त्यावर चार अक्षरांच्या लिपीत सगळं लिहिलेलं असतं: पान किती रुंद करायचं, फळ कधी पिकवायचं, मूळ कुठे वळवायचं. त्यातला एकेका कामाचा जो मजकूर, त्याला जनुक म्हणतात. झाड वाढतं म्हणजे पेशीच्या दोन पेशी होतात. आणि दोन होण्याआधी तो सगळा मजकूर, कोट्यवधी अक्षरांचा, पुन्हा उतरवून काढावा लागतो.

"तू माझी वांग्याच्या भरताची कृती उतरवून घेतलीस तर चूक होईल का?" आबांनी विचारलं.

ओजू म्हणाली, होऊ शकेल एखादी.

पेशीचंही तसंच, आबा म्हणाले. उतरवताना तिच्याकडूनही अक्षर चुकतं. पेशीत चुका तपासणारी प्रथिनं असतात, ती डोळ्यांत तेल घालून बहुतेक चुका दुरुस्त करतात. पण एखादी निसटतेच. ती निसटली की पुढच्या प्रत्येक नकलेत तशीच उतरत राहते. याला उत्परिवर्तन (डीएनएच्या मजकुरात कायमचा झालेला बदल) म्हणतात. नुसत्या उतरवण्याच्या चुकीनंच ते होतं असंही नाही. उन्हातले अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे, कातडी भाजणारे किरण) डीएनएला इजा करतात. तंबाखूच्या धुरातली रसायनं करतात. एक्स-रे आणि किरणोत्सर्ग तर धागा तोडूनच टाकू शकतात आणि तो पुन्हा जोडताना गडबड होते. काही विषाणू स्वतःचा मजकूर मध्येच घुसडतात.

"मग झाड मरतं?" ओजूनं विचारलं.

"तेलाच्या जागी तूप लिहिलं गेलं तर भरीत बिघडेल का? कुणाला कळणारही नाही. बहुतेक उत्परिवर्तनं अशीच असतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत. मीठच लिहायचं राहिलं, तर भरीत वाया गेलं. अशीही पुष्कळ असतात, त्यांनी झाड खुरटतं, माणूस आजारी पडतो. आणि लसूण चुकून दोनदा लिहिला गेला, तर कुणी सांगावं, भरीत जास्त चांगलंही होईल. अशी फार थोडी."

पण चांगलं की वाईट हे कोणी ठरवायचं, हेही त्यांनी सांगितलं. सातपुड्यातल्या पाड्यांवर काही लोकांच्या रक्ताच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. तो बदल आई आणि वडील दोघांकडून आला तर मुलाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि पोर आयुष्यभर वेदना सोसतं. तोच बदल एकाच पालकाकडून आला तर मुलाला मलेरिया सहसा फार छळत नाही. अक्षर तेच असतं. ते कुठे पडलं आणि बाहेर काय चाललंय, यावर सगळं अवलंबून.

ओजूला मग एक गोष्ट खटकली. आबांनी तापीसोना शोधली म्हणजे नेमकं काय केलं होतं? आबा हे सांगायला जरा अवघडले. जुन्या जातीच्या शेतात त्यांना एक झाड वेगळं दिसलं होतं, त्याचा घड इतरांपेक्षा मोठा होता. कुठल्या तरी पेशीत कुठलं तरी अक्षर चुकलेलं. त्यांनी त्याचे मुनवे काढून लावले.

"म्हणजे तापीसोना स्वतःच भेसळ होती?"

"हो," आबा म्हणाले. "आणि त्यानंतर आलेली प्रत्येक भेसळ मी फेकून दिली. त्यातलं एखादं या बुरशीला पुरून उरलं असतं का? असतंही. आता कसं कळणार?" मग त्यांचा आवाज बदलला आणि घरची बोली तोंडात आली. ती फक्त मन भरून आलं की यायची. "मले गावाला एक झाड परत द्यायचं आहे, पोरी. एकच. मग लोकांनी माझ्याशी बोललं नाही तरी चालेल."

त्यांनी ठरवलं होतं ते हे. शिवारातली झाडं रोगट झाली तरी जाळीबंद खोलीत तापीसोनाची थोडी मातृझाडं (ज्यांच्यापासून रोपं करतात ती जपलेली झाडं) अजून निरोगी होती. त्यांचे कोंब काढून जिल्ह्याच्या संशोधन केंद्रातल्या किरणपेटीत ठेवायचे. किरणांनी त्यांच्या डीएनएत एरवी शेकडो वर्षांत होणार नाहीत इतक्या चुका होतील. मग त्या कोंबांची रोपं करून ती मुद्दाम रोगट मातीत लावायची. बहुतेक मरतील. पण एखाद्यात योग्य चूक झालेली असली, तर ते जगेल.

ओजूला आधी भीती वाटली की अशा रोपाला हात लावला तर आपल्यालाही किरण लागतील. आबांनी विचारलं, एक्स-रे काढून आलेल्या माणसाचा हात धरल्यावर तुला काही होतं का? किरण येतात, आपलं काम करून जातात. मागे राहते ती फक्त चूक.

मग तिला दुसरं सुचलं. "रोगट मातीत लावल्यावर रोपं हळूहळू रोगाशी लढायला शिकतील ना?"

हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं. पण ते खरं नाही. आबांनी मान हलवली आणि सांगितलं की मातीत काय वाट पाहतंय याची कोंबाला खबर नसते आणि किरणांनाही नसते. अक्षर बदलतं ते आंधळेपणानं, कुठेही. रोपाला हवं म्हणून ते बदलत नाही. बदल आधी होतो, आणि माती नंतर फक्त निवड करते. यालाच नैसर्गिक निवड (परिस्थितीत जे टिकतं त्याचीच वाढ पुढे चालू राहणं) म्हणतात.

कोंब किरणपेटीतून परत आले. पूर्वी ज्या वाढीला वर्ष लागायचं ती आबांच्या नव्या वाढकपाटात काही आठवड्यांत व्हायची. बाटल्यांतून रोपं वर आली आणि ओजूनं अशी विचित्र रोपं कधी पाहिली नव्हती. एकाचं पान गुंडाळलेलं, एकाचं लालसर, एकाला दोन शेंडे. काही तर बाटलीतच काळी पडून गेली. आणि तेव्हाच तिला आठवण झाली ती चिमट्याची. ही रोपं त्याच्या नजरेस पडली तर तो एकूण एक उपटून मोकळा होईल. तिनं पळत जाऊन त्याच्या पाठीवरचं बटण बंद केलं. चिमटा अर्धवट उघडा ठेवून चिमट्या कोपऱ्यात उभा राहिला. आबांनी हे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाले, माझ्या लक्षातच आलं नसतं, पोरी, तू होतीस म्हणून बरं.

कुसुमताईंच्या मळ्यातली माती आणून ट्रे भरले. बुरशी बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी जंतुनाशकाची बादली ठेवली. मेलेलं रोप काढलं की त्यात बुडवायचं, अशी पद्धत. आणि मग नुसतं पाहत राहायचं. पानं पिवळी पडायला लागली, आधी कडांना, मग आतपर्यंत. रोज सकाळी आबा आणि ओजू ती रोपं काढायचे. रोज बादली भरायची. ओजूला रात्री डोळे मिटले तरी पिवळंच दिसायचं. तिला मनातून वाटायला लागलं होतं की काही उपयोग होणार नाही, पण ते तिनं आबांना सांगितलं नाही. आबांनाही तेच वाटत असावं, कारण ते आता फारच बोलायला लागले होते.

त्या दिवशीही ते बोलत होते. रांगेच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला ओजू. आबा तिला समजावत होते की आता आपण बघायची पद्धत बदलायला हवी. रोप वाकडंतिकडं आहे म्हणून नाक मुरडायचं नाही. "सुंदर रोप नकोय आपल्याला, जगणारं हवंय," ते म्हणाले. "कदाचित ते कुरूपच असेल. कदाचित बुटकं असेल, पानावर पट्टे असतील..." बोलता बोलता त्यांचा हात चालला होता. पिवळं रोप, बादलीत. पिवळं रोप, बादलीत. ओजूचं लक्ष सहज त्या हाताकडे गेलं. अंगठा आणि बोट पुढे झालं, एक रोप बुडाशी धरलं, उपटलं आणि बादलीत टाकलं. आबा पुढे बोलतच होते.

"आबा," ओजू म्हणाली. "ते पिवळं नव्हतं."

आबा थांबले. दोघांनी बादलीत पाहिलं. मग आबांनी दोन्ही हात त्या जळजळीत पाण्यात घातले आणि चाचपून ते रोप बाहेर काढलं. बुटकं होतं. पान अरुंद, त्यावर पांढुरके पट्टे, एका बाजूला कललेलं. हिरवं होतं. आबांनी खिशातली पाती काढून त्याचं मूळ उभं चिरलं. बुरशी शिरलेलं मूळ आतून तपकिरी असतं. हे आतून पांढरंशुभ्र होतं. इतके दिवस त्या मातीत राहून बुरशीला आत पाऊल टाकता आलं नव्हतं.

आबा तिथेच मातीत खाली बसले. ओजूला त्यांचा इतका राग आला की तिला ओरडावंसं वाटलं. तिनं चिमट्याचं बटण आठवणीनं बंद केलं होतं. आबांच्या हाताला बटण नव्हतं, आणि ही गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. आबा आपल्या बोटांकडे ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखं पाहत होते.

त्यांनी वाचवायचा प्रयत्न केला नाही असं समजू नका. रोप धुतलं, कंदाचा आतला भाग कापून बाटलीतल्या अन्नात ठेवला, वाढकपाटात सर्वांत आत लावला. तीन दिवसांनी तो कडेनं तपकिरी झाला. आठवडा संपायच्या आत त्याचा चिखल झाला. जंतुनाशक आपलं काम चोख करतं. बाकीच्या ट्रेंमधली सगळी रोपं तोवर गेली होती.

"पुन्हा तेवढेच किरण दिले तर तसंच रोप येईल ना?" ओजूनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पण तिला ते आबांच्या तोंडून खोटं ठरायला हवं होतं.

"तसंच नाही येणार," आबा म्हणाले. "कोट्यवधी अक्षरांतलं तेच अक्षर, तसंच पुन्हा बदलायला हवं. ते मागवून मिळत नाही. दुसरं एखादं वेगळं निघू शकतं. निघेलच असं मी सांगणार नाही."

त्याच दिवशी कुसुमताई फिरके आल्या. साथ सुरू झाल्यापासून त्या पहिल्यांदाच या दारात उभ्या होत्या. त्यांच्या कानावर आलं होतं की इथे काही प्रयोग चाललाय. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि त्यांनी विचारलं, एखादं जगलं का? आबा सहज म्हणू शकले असते, नाही जगलं. कुणाला कळलं नसतं.

"जगलं होतं," आबा म्हणाले. "वाकडं दिसत होतं. मी उपटलं."

कुसुमताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. रोपं खुडून खुडून त्यांच्याही अंगठ्याच्या नखाखाली केळीच्या चिकाचा काळा डाग होता, तो काही कधी जायचा नाही. मग त्या म्हणाल्या, "मी बी तेच केलं असतं, हर्षलभाऊ. तुम्हीच शिकवलं ना आम्हाले."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच आबांना ते सहन झालं नाही. ते तोंड फिरवून रडले. साऱ्या गावाच्या हाताला हीच सवय होती. ज्या ज्या शेतात एखादं वेगळं झाड आपसूक उगवलं असेल, तिथे तिथे ते उपटलं गेलं होतं, आणि लोकांनी ते नीट काम केल्याच्या समाधानानं केलं होतं. एका झाडाच्या नकला करून आबांनी गावाचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त बहुधा या एका सवयीनं झालं. हे आबांना कळलं, ओजूला कळलं, आणि मला वाटतं कुसुमताईंनाही कळलं. पण कळून काय करायचं, शिवार तर वाळलं होतं.

जाळीबंद खोलीत आता फक्त एक मातृझाड निरोगी उरलं होतं. बाकीच्यांची पानं कडेनं पिवळी पडायला लागली होती. त्या एका झाडाचे होते तेवढे कोंब आबांनी काढले. पुन्हा किरणपेटी, पुन्हा बाटल्या, पुन्हा कुसुमताईंच्या मळ्यातली माती. ही रोपं पहिल्यापेक्षा खूपच कमी होती. ट्रे लावून झाल्यावर आबा वाटिकेच्या बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"आता मी आत येणार नाही," ते म्हणाले. "माझा माझ्या हातावर भरवसा नाही. तू जा. तुझ्या बोटांना अजून ही खोड लागलेली नाही. काढायचं ते तू काढ, ठेवायचं ते तू ठेव."

ओजूला ते नको होतं. सातवीतल्या मुलीवर कुणी एवढं टाकू नये, असं मलाही वाटतं. पण दुसरं कोण होतं? ती रोज सकाळी एकटी आत जायची. आबा बाहेर खुर्ची टाकून बसायचे, आणि हळूहळू कुसुमताईही येऊन बसायला लागल्या. ओजू मात्र आत प्रत्येक रोपापाशी थांबायची. ते हिरवं आहे की पिवळं, एवढंच बघायची. कसं दिसतं ते बघायची नाही. वाकड्या पानाकडे हात गेला की तो मागे घ्यायची, आणि आपलाही हात जातो हे पाहून तिला धक्काच बसायचा. मग चिमट्याशी लावलेल्या त्या शर्यती तिला आठवायच्या.

पहिल्या रांगेत पिवळं दिसायला लागलं त्या दिवशी ती दाराशी येऊन सांगणार होती, पण सांगू शकली नाही. दुसऱ्या रांगेतही दिसलं तेव्हा आबांनीच बाहेरून विचारलं, काय दिसतंय? त्यांच्या आवाजात आशा नव्हती. ती संपूनही त्यांनी विचारलं, याचं ओजूला फार वाईट वाटलं.

"पिवळी पडली आहेत, आबा," ती आतून म्हणाली. "बरीच पडली आहेत. मी अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचले नाही."

"बरं," आबा म्हणाले. "सावकाश जा."

ती पुढच्या ट्रेवर वाकली आणि एकेक पान बघू लागली.